मडगार्डवरचं डोकं

इंडियन कंपनीच्या मोठ्या मोटरसायकलींच्या पुढच्या मडगार्डवर माणसाचं एक डोकं असतं. नाक धारदार, नजर समोर, कपाळापासून मागे झुकलेली पिसांची रांग. दिवे लावले की ते आतून उजळतं. 1947 साली ते पहिल्यांदा तिथे बसलं. चीफटन, रोडमास्टर अशा आताच्या अवाढव्य टूरिंग गाड्यांवरही ते दिसतं. गाडीला त्याचा उपयोग शून्य. रस्ता दाखवायला मागे तीन दिवे आहेत, वारा अडवायला काच आहे. तरी अख्ख्या गाडीत सगळ्यात जास्त बोलतं ते हे डोकंच.

गाड्यांचे रिव्ह्यू तुम्ही रोज बघता. मायलेज, टॉर्क, सायलेन्सरचा आवाज आणि शेवटी ‘घ्यावी की नाही’. 2014 च्या जानेवारीत ही कंपनी भारतात आली तेव्हा चीफ क्लासिकची किंमत होती साडेसव्वीस लाख आणि चीफटनची 33 लाख. म्हणजे ‘घ्यावी की नाही’ हा प्रश्न माझ्यापुरता तेव्हाच निकालात निघाला. मी ही गाडी वाचणार आहे. सिनेमा वाचतो, इमारत वाचतो, तशी. कारण ती गप्प बसणारी गाडी नाही. तिच्या प्रत्येक वळणावर, क्रोमच्या प्रत्येक तुकड्यावर एकच शब्द गिरवलेला आहे : वारसा. हा वारसा कुणाचा, आणि तो कुणाकडून कुणाला मिळाला, एवढंच मला विचारायचं आहे.

आधी नावाचा गोंधळ मिटवू. इथलं ‘इंडियन’ म्हणजे आपण नाही. 1901 साली मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड गावात जॉर्ज हेंडी या सायकल कारखानदाराने ऑस्कर हेडस्ट्रॉम या स्वीडनमध्ये जन्मलेल्या तंत्रज्ञाला हाताशी धरून मोटार लावलेली सायकल बनवायला घेतली. हेंडीच्या सायकलींचं नाव होतं ‘अमेरिकन इंडियन’. ते आखूड होऊन ‘इंडियन’ उरलं. कोलंबसाला वाटलं आपण हिंदुस्थानात पोचलो, आणि तिथल्या शेकडो वेगवेगळ्या राष्ट्रांच्या माणसांना एकच चुकीचं नाव चिकटलं. आपल्याकडच्या जुन्या पुस्तकांतही ती माणसं ‘तांबडे इंडियन’ म्हणूनच भेटतात. म्हणजे कोलंबसाची चूक मराठीनेही इमानेइतबारे जपली. मी त्यांना अमेरिकेतले मूळ रहिवासी म्हणेन, आणि शक्य तिथे त्यांच्या राष्ट्राच्या नावाने.

कंपनीचा खरा इतिहास मात्र भारदस्त आहे. 1911 च्या आइल ऑफ मॅनच्या शर्यतीत पहिले तीनही नंबर इंडियनचे होते. त्यात दुसरा आलेला चार्ल्स फ्रँकलिन हा आयरिश माणूस पुढे कंपनीत इंजिनिअर झाला आणि 1922 ची पहिली चीफ त्याच्या हातून उतरली. 1916 साली ऑगस्टा आणि अ‍ॅडलीन व्हॅन ब्यूरन या दोघी बहिणी आपापल्या इंडियन पॉवरप्लसवर बसून न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिसला गेल्या. महायुद्धात निरोप पोचवायचं काम बायकाही करू शकतात हे त्यांना सैन्याला दाखवायचं होतं. वाटेत पँट घातल्याबद्दल त्यांना पोलिसांनी पकडलं. आणि एवढं करूनही सैन्याने अ‍ॅडलीनचा अर्ज नाकारला. मोटरसायकलवरून लांबचा प्रवास करण्यात काय पणाला लागू शकतं हे समजून घ्यायचं असेल तर या दोघींकडे बघावं. रस्ते कच्चे, झटके शोषायची सोय जेमतेम, आणि डोक्यावर वारा, पाऊस, ऊन.

याच प्रवासाचा आजचा अवतार म्हणजे रोडमास्टर. वजन 400 किलोच्या वर. 1811 सीसीचं, पुढे 1890 सीसीचं इंजिन. सामानासाठी जवळपास 140 लिटरची जागा. मुठी गरम होतात, दोन्ही सीट गरम होतात, पुढची काच बटणाने वरखाली होते, डबे रिमोटने बंद होतात, किल्ली खिशातच राहते. हँडलच्या पुढे टचस्क्रीन. गाडी उंच वाटते खरी, पण सीट इतकी खाली की साधारण उंचीच्या माणसाचे दोन्ही पाय आरामात टेकतात. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट अगदी छोटी आहे. हवा 15 अंशांच्या वर असेल आणि इंजिन पुरेसं तापलेलं असेल तर सिग्नलला थांबल्यावर मागचा सिलिंडर आपोआप बंद पडतो, म्हणजे मांडीला चटका कमी बसतो. गाडी हलली की तो पुन्हा सुरू. ज्याने हे योजलं त्याने उन्हाळ्यात ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या माणसाचा विचार केलेला आहे. अशा ठिकाणी ही गाडी फार चांगली आहे, आणि हे मोकळेपणाने म्हणायला हवं.

आता इंजिनाकडे बघा. माझ्या मते या गाडीवरची खरी टीका तिथून सुरू होते.

1953 पर्यंतच्या चीफचं इंजिन ‘फ्लॅटहेड’ प्रकारचं होतं. त्यात व्हॉल्व्ह सिलिंडरच्या डोक्यावर नसतात, शेजारी असतात. त्यामुळे वरचं झाकण चपटं. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगांवरच्या नळ्या सिलिंडरला लागून सरळ उभ्या. आणि जळलेला वायू खालच्या बाजूने बाहेर पडतो. बनवायला सोपी, दुरुस्तीला सोपी रचना. पण तिच्यात इंजिनाला मोकळा श्वास घेता येत नाही. 1936 साली हार्ले-डेव्हिडसनने व्हॉल्व्ह डोक्यावर असलेलं मोठं इंजिन काढलं आणि शर्यत तिथेच फिरली. इंडियनची चीफ मात्र शेवटच्या दिवसापर्यंत फ्लॅटहेडवरच राहिली. कंपनी बुडायची कारणं अनेक होती, पण हे त्यातलं एक होतं.

2013 मध्ये पोलारिस कंपनीने नवं ‘थंडर स्ट्रोक 111’ इंजिन आणलं. त्यात व्हॉल्व्ह अर्थातच डोक्यावर आहेत. ते उघडणाऱ्या पुशरॉडच्या नळ्या अशा इंजिनात साधारणपणे तिरक्या जातात, कारण खाली एक किंवा दोन कॅमशाफ्ट असतात आणि तिथून वरपर्यंत पोचायचं असतं. थंडर स्ट्रोकमध्ये तीन कॅमशाफ्ट घातले आहेत. त्यामुळे नळ्या सिलिंडरला समांतर, सरळ उभ्या राहतात. अगदी फ्लॅटहेडच्या नळ्यांसारख्या. सायलेन्सरचे पाइपही डोक्यातून निघून थेट खाली वळवलेत. फ्लॅटहेडसारखेच. वरच्या झाकणावरच्या पट्ट्या वेगवेगळ्या दिशांना कापल्यात, त्याही जुन्या झाकणाची आठवण व्हावी म्हणून.

थोडं थांबून विचार केला की यातली गंमत कळते. जी रचना एकेकाळी मागे पडल्याची खूण होती, तिचा नुसता चेहरा उचलून नव्या, सुदृढ इंजिनाला लावला आहे. सिमेंटच्या खांबाला लाकडाचे रेषा-डोळे रंगवून उभारलेल्या ‘वाडा’ हॉटेलात तुम्ही जेवला असाल. तसंच. फरक एवढाच की इथली कारागिरी अव्वल आहे. 1940 साली आलेले ते चाक अर्धंअधिक झाकणारे खोल मडगार्डही असेच परत आले. त्या काळी आगगाड्या, मोटारी, अगदी घरातली यंत्रंही वाऱ्याला कापत जाणाऱ्या आकाराची दिसावीत अशी लाट होती. मडगार्ड त्या लाटेतले होते, म्हणजे 1940 मध्ये ते भविष्याकडे बघत होते. आज तेच भूतकाळाची आठवण म्हणून विकले जातात. मला ते सुंदर वाटतात, आजही. पण 1940 चा डिझायनर आज असता तर त्याने ते पुन्हा काढले असते असं मला वाटत नाही.

‘वारसा’ म्हटला की सलग धागा लागतो. इथे तो तुटलेला आहे, आणि चांगला साठ वर्षं तुटलेला आहे. 1953 साली स्प्रिंगफील्डच्या चीफ बनणं थांबलं. उरलं ते नाव. ते हातोहात फिरलं. ब्रॉकहाउस या ब्रिटिश कंपनीने ते कशावर लावलं, ठाऊक आहे? रॉयल एनफिल्डवर. 1955 पासून काही वर्षं इंग्लंडमधल्या रेडिच गावात बनलेल्या एनफिल्ड अमेरिकेत ‘इंडियन’ म्हणून विकल्या गेल्या. ट्रेलब्लेझर, टॉमाहॉक, अशी नावं देऊन.

नेमक्या त्याच 1955 साली मद्रासमध्ये एनफिल्ड इंडिया स्थापन झाली आणि बुलेट भारतात तयार होऊ लागली. म्हणजे एकाच कारखान्याच्या गाड्या एकाच वेळी दोन खंडांत ‘इंडियन’ होत होत्या. एकीकडे टाकीवरच्या अक्षरांनी, दुसरीकडे हळूहळू, सुट्या भागांच्या दुकानांतून, मेकॅनिकांच्या हातांतून, दूधवाल्यांच्या आणि फौजदारांच्या बुडाखालून. अमेरिकेतली ती चार-पाच वर्षांत विसरली गेली. मद्रासवाली चेन्नईची झाली आणि अजून चालू आहे. पुढे रेडिचचा कारखानाच बंद पडला. गाड्यांच्या वारशाबद्दल कुणी वाद घालायला आलं की मी हे उदाहरण पुढे करते.

नावाची फरफट तिथेही थांबली नाही. साठच्या दशकाअखेर फ्लॉइड क्लाइमर या प्रकाशकाने ते युरोपीय सुट्या भागांच्या गाड्यांवर लावलं. सत्तरीत ते तैवानमध्ये बनलेल्या छोट्या गाड्यांवर होतं. मग कोर्टकचेऱ्या. 1999 ते 2003 कॅलिफोर्नियातल्या गिलरॉय गावात एका कंपनीने चीफ बनवल्या, त्यातल्या सुरुवातीच्या गाड्यांत तर हार्लेच्या धर्तीवरचं बाहेरून आणलेलं इंजिन होतं. ती दिवाळखोरीत गेली. त्यानंतर नॉर्थ कॅरोलायनातल्या किंग्ज माउंटनमध्ये आणखी एक डाव मांडून झाला. 2011 साली पोलारिसने नाव विकत घेतलं. पोलारिस म्हणजे मिनेसोटाची, बर्फावर चालणाऱ्या गाड्यांसाठी ओळखली जाणारी कंपनी.

आणि इथे एक गोष्ट घडली जी मला या सगळ्या कहाणीचा कणा वाटते. पोलारिसकडे आधीपासून स्वतःची मोटरसायकल होती. व्हिक्टरी. 1998 पासून. मोठी, अमेरिकी बनावटीची, कुणाची नक्कल न करणारी. 2008 ची व्हिक्टरी व्हिजन तर एखाद्या विज्ञानकथेतून बाहेर पडल्यासारखी दिसायची. काहींना ती कुरूप वाटायची, मला ती धीट वाटते. 2017 च्या जानेवारीत पोलारिसने व्हिक्टरी बंद केली आणि सगळं बळ इंडियनमागे लावलं. जिचा इतिहास स्वतःचा होता, पण अठराच वर्षांचा, ती गेली. जिचा इतिहास विकत आणलेला होता, पण 1901 पासूनचा, ती राहिली. यात कंपनीला दोष देऊन उपयोग नाही. गिऱ्हाइकाने कौल दिला होता. चाळीस-पन्नास वर्षांच्या माणसाला लाखो रुपयांची गाडी विकायची तर तिच्यासोबत आजोबाही द्यावे लागतात, असं दिसतं.

मग हे आजोबा कोण? टाकीवर नाव कुणाचं, मडगार्डवर डोकं कुणाचं?

2013 च्या ऑगस्टमध्ये नव्या चीफचं अनावरण झालं ते साउथ डकोटातल्या स्टर्जिस गावी. जागा अचूक निवडली होती. इथली जगप्रसिद्ध मोटरसायकल जत्रा 1938 मध्ये सुरू केली ती क्लॅरेन्स ‘पॅपी’ होएल याने आणि त्याच्या क्लबने, आणि होएल इंडियनचाच डीलर होता. दरवर्षी ऑगस्टमध्ये काही लाख माणसं गाड्या घेऊन इथे लोटतात. मोटरसायकलवाल्यांची पंढरीच म्हणा. वारशाचा धागा इथे तरी जुळला.

पण हे गाव वसलंय ब्लॅक हिल्सच्या पायथ्याशी. लाकोटा लोक या डोंगरांना पाहा सापा म्हणतात. 1868 च्या फोर्ट लॅरमीच्या तहात अमेरिकी सरकारने हा प्रदेश त्यांचाच राहील असं लिहून दिलं. 1874 मध्ये कस्टरच्या मोहिमेला इथे सोनं सापडलं. 1877 मध्ये कायदा करून जमीन काढून घेतली. गावाला नाव मिळालं सॅम्युएल स्टर्जिसचं, ज्या सातव्या घोडदळात कस्टर होता त्याच घोडदळाचा तो कर्नल. शंभरहून अधिक वर्षांनी, 1980 मध्ये, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं की ही जमीन भरपाई न देता घेतली गेली, आणि 10 कोटी डॉलरहून जास्त रक्कम देय ठरवली. सू राष्ट्रांनी ती घेतली नाही. आम्हाला पैसे नकोत, डोंगर हवेत. ती रक्कम व्याजासकट वाढत आता अब्जाच्या पुढे गेली आहे आणि तशीच पडून आहे.

गावापासून थोड्याच अंतरावर माळावर एकटाच उभा असलेला डोंगर आहे, बेअर ब्यूट. लाकोटा त्याला माटो पाहा म्हणतात, शायेन लोकांसाठीही तो पवित्र. माणसं तिथे उपवास करायला, प्रार्थनेला, एकटं बसायला जातात. झाडांना कापडाच्या रंगीत चिंध्या बांधलेल्या दिसतात. जत्रेच्या दिवसांत आसपासच्या बारचा, मैफिलींचा आणि हजारो सायलेन्सरांचा आवाज तिथवर पोचतो. त्याविरुद्ध मूळ रहिवाशांनी अनेकदा आवाज उठवला आहे.

आता ते अनावरण डोळ्यांपुढे आणा. काढून घेतलेल्या जमिनीवर, घोडदळाच्या कर्नलच्या नावाच्या गावात, पडदा सरकतो आणि ‘इंडियन चीफ’ प्रकट होते. मडगार्डवर पिसांचा मुकुट घातलेलं डोकं, उजळलेलं. टाळ्या. इंजिनाचा आवाज. सातशे पानांच्या कादंबरीत असा योगायोग आला असता तर मी लेखकावर भडक असल्याचा शेरा मारला असता.

कंपन्या अशा वेळी म्हणतात, हा मान आहे, आदरांजली आहे. मला हे पटत नाही, आणि त्याचं कारण त्या पिसांतच आहे. तो लांब मुकुट मैदानी राष्ट्रांचा, लाकोटा, शायेन यांचा. स्प्रिंगफील्ड आहे पूर्वेला, न्यू इंग्लंडात, आणि ते वसलं आगावाम लोकांच्या जमिनीवर. त्यांचा पेहराव निराळा. हेंडीच्या काळी बफेलो बिलच्या तमाशांनी गावोगाव एकच प्रतिमा रुजवली होती, घोडा, पिसं, भाला, आणि मूळ रहिवासी म्हणजे हेच असं ठरून गेलं होतं. डोकं तिथून आलं. शिवाय मैदानी राष्ट्रांत गरुडाचं पीस कमवावं लागतं, पराक्रमाने, सेवेने, लोकांनी मान दिल्यावर. आजच्या अमेरिकी कायद्यानेही गरुडाची पिसं बाळगायला परवानगी मिळते ती सरकारमान्य जमातींच्या नोंदलेल्या सदस्यांना, धार्मिक कारणासाठी. ती बाजारात विकत घेता येत नाहीत. मडगार्डवरचा मुकुट मात्र गाडीच्या किमतीत धरलेला आहे.

गेल्या काही वर्षांत अमेरिकेत अशी नावं गळून पडली. वॉशिंग्टनच्या फुटबॉल संघाने 2020 मध्ये जुनं नाव टाकलं. क्लीव्हलंड इंडियन्सचे गार्डियन्स झाले. 2021 मध्ये चेरोकी राष्ट्राचे प्रमुख चक हॉस्किन ज्युनिअर यांनी जीप कंपनीला सांगितलं की आमचं नाव गाडीवरून काढायची वेळ आली आहे. तुमचा हेतू चांगला असेल, पण नाव गाडीच्या बाजूला लावल्याने आमचा सन्मान होत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. मोटरसायकलच्या बाबतीत हा वाद तेवढा पेटला नाही. का, याचा मी बराच विचार केला. एक कारण बहुधा असं की मोटरसायकल मूळ रहिवाशांनाही आवडते. शायेन राष्ट्राचे सिनेटर बेन नाइटहॉर्स कॅम्बेल मोटरसायकलवाले म्हणून प्रसिद्ध होते (ते हार्ले चालवायचे, ही गोष्ट वेगळी). चेरोकींना ज्या वाटेने हुसकावून नेलं त्या ‘अश्रूंच्या वाटेची’ आठवण म्हणून दरवर्षी मोटरसायकलींची मोठी यात्रा निघते. मेडिसिन व्हील राइड या नावाने मूळ रहिवासी स्त्रिया बेपत्ता झालेल्या आणि मारल्या गेलेल्या आपल्या बहिणींसाठी गाड्या काढतात. या स्त्रियांना मडगार्डवरच्या डोक्याची गरज पडत नाही. व्हॅन ब्यूरन बहिणींनाही पडली नव्हती. 1916 च्या मडगार्डवर ते नव्हतंच.

म्हणून माझं मत सरळ आहे. नाव राहावं की जावं हे त्या राष्ट्रांनी ठरवावं, पुण्यात बसून मी नाही. पण डोकं गाडीवरून उतरायला हवं. आणि हे मी समीक्षक म्हणूनही म्हणते, केवळ नीतीच्या बाजूने नाही. इतक्या विचाराने घडवलेल्या गाडीवर ते एकमेव आळशी काम आहे. तीन कॅमशाफ्टची उठाठेव मला पटली नाही तरी तिच्यामागे मेहनत दिसते. डोक्यामागे काहीच दिसत नाही.

अशी गाडी याच कंपनीला बनवता येते हेही सिद्ध झालंय. 2020 ची चॅलेंजर पाहा. तीही लांब पल्ल्याची, बाजूला सामानाचे डबे, वाऱ्यासाठी मोठी चौकट. इंजिनाला नाव 1916 चंच, पॉवरप्लस. पण आतून ते पाण्याने थंड होणारं, कॅमशाफ्ट डोक्यावर असलेलं 1768 सीसीचं इंजिन आहे, आणि बाहेरूनही तसंच दिसतं. पुशरॉड नाहीत, म्हणून त्यांच्या नळ्या असल्याचा आवही नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरात कॅलिफोर्नियातल्या लागुना सेकाच्या ट्रॅकवर ‘किंग ऑफ द बॅगर्स’ ही पहिलीवहिली शर्यत झाली. सामानाचे डबे लावलेल्या या धिप्पाड गाड्यांची शर्यत, म्हणजे ट्रकांनी खो-खो खेळावा तसा प्रकार. टायलर ओहारा चॅलेंजरवर बसून ती जिंकला. त्या शर्यतीची क्लिप सापडली तर जरूर बघा. गाडी वळणात इतकी कलते की डब्याचा कोपरा रस्त्याला आता लागेल, मग लागेल असं वाटत राहतं.